पुरवठा साखळीच्या तळाशी: किरकोळ बाजार, उचल आणि वेठीचे श्रम

सक्तीच्या श्रमाची जी व्याख्या आज जगभर आधार म्हणून वापरली जाते, ती आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९३० सालच्या २९व्या करारातील आहे. शिक्षेच्या धाकाखाली करून घेतलेले आणि करणाऱ्याने स्वखुशीने न पत्करलेले काम म्हणजे सक्तीचे श्रम, असे तिचे सार आहे. भारताने हा करार १९५४ मध्ये मान्य केला. ‘आधुनिक गुलामी’ ही अलीकडच्या काळात रूढ झालेली संज्ञा याहून व्यापक असून तिच्यात सक्तीच्या श्रमाबरोबर सक्तीचे विवाहही मोजले जातात. त्या अर्थाने २०२१ मध्ये जगात सुमारे ४ कोटी ९६ लाख माणसे गुलामीच्या स्थितीत होती, असा अंदाज श्रम संघटना आणि तिच्या सहयोगी संस्थांनी मांडला. त्यांपैकी २ कोटी ७६ लाख माणसे सक्तीच्या श्रमात होती, आणि त्यांतही १ कोटी ७३ लाख खासगी क्षेत्रात, म्हणजे शेतात, कारखान्यांत, बांधकामांवर, बोटींवर आणि घरकामात राबत होती. या माणसांच्या पायांत बेड्या नसतात. कर्ज, काढून घेतलेली ओळखपत्रे, रोखून धरलेली मजुरी, कुलूपबंद वसतिगृह किंवा घरापासूनचे अंतर यांनीच ती बांधलेली असतात. म्हणूनच वरवर पाहणाऱ्याला ती इतर मजुरांसारखीच दिसतात.

या प्रश्नाच्या जागतिक चर्चेत भारतीय न्यायव्यवस्थेने घातलेली मोलाची भर फारशी लक्षात घेतली जात नाही. राज्यघटनेचे २३वे कलम मानवी व्यापार, वेठबिगार आणि तत्सम सक्तीच्या श्रमाला मनाई करते. १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांसाठी दिल्लीत चाललेल्या बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणात, म्हणजे ‘पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स’ या संघटनेच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्ती प्र. ना. भगवती यांच्या पीठाने असा अर्थ लावला की सक्ती केवळ दंडुक्याची नसते. भूक आणि दारिद्र्य यांमुळे ज्याला दुसरा मार्गच उरलेला नाही, असा मजूर किमान वेतनाहून कमी दराने काम करतो तेव्हा तेही सक्तीचेच श्रम ठरतात. पुढच्याच वर्षी, फरिदाबादच्या दगडखाणींवरील मजुरांसंबंधी ‘बंधुआ मुक्ती मोर्चा’ या संघटनेने नेलेल्या प्रकरणात न्यायालयाने पुराव्याचा भारही हलवला: मजुराकडून सक्तीने काम करून घेतले जात असल्याचे दिसले, की ते घेतलेल्या कर्जाच्या वा आगाऊ रकमेच्या बदल्यात आहे असे गृहीत धरले जाईल आणि तसे नसल्याचे मालकाने सिद्ध करावे. १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्यातही, कर्ज वेठीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी धनकोवरच टाकलेली आहे. ज्याच्याकडे वह्या, पैसा आणि साक्षीदार आहेत त्याने पुरावा द्यावा, हे तत्त्व भारतीय कायद्याला जवळजवळ अर्धशतकापासून ठाऊक आहे. पाश्चात्त्य देशांचे कायदे त्याच्याकडे आता कुठे वळू लागले आहेत.

पुरवठा साखळी म्हणजे कच्चा माल पिकवणाऱ्यापासून वा खणणाऱ्यापासून तो तयार वस्तू विकणाऱ्या दुकानापर्यंत पसरलेली खरेदी-विक्रीची रांग. विक्रेत्याचा करार बहुधा फक्त पहिल्या पायरीशी, म्हणजे तयार माल देणाऱ्या पुरवठादाराशी असतो. त्याच्यामागे कापड गिरणी, तिच्यामागे सूतगिरणी, तिच्यामागे जिनिंग आणि अखेरीस कापसाचे शेत असते. जितके मागे जावे तितकी कंत्राटदार आणि मुकादम यांची संख्या वाढते आणि लेखी कागद कमी होत जातात. तरीही या रांगेतील सत्तेचा प्रवाह वरून खाली आहे, कारण भाव, मुदत आणि मालाचे प्रमाण ठरवण्याची ताकद मोठ्या विक्रेत्यांच्या हाती एकवटलेली आहे. श्रम संघटनेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुरवठादारांच्या पाहणीत ३९ टक्के पुरवठादारांनी उत्पादनखर्चही भरून न निघणाऱ्या भावाने मागण्या स्वीकारल्याचे सांगितले होते. असा तोटा पुरवठादार कुठून भरून काढणार? यंत्राची किंमत, विजेचा दर, कापसाचा भाव हे त्याच्या हातात नसतात. हातात असते ती मजुरी. वस्तूच्या खरेदीची अट आणि मजुराची सक्ती यांच्यातील हा दुवा लक्षात घेतल्याशिवाय, गुलामीचे खापर केवळ दूरच्या एखाद्या दुष्ट कंत्राटदारावर फोडून मोकळे होण्याचा मोह टाळता येत नाही.

गेल्या दशकात उघडकीस आलेली मोठी प्रकरणे या दुव्याची साक्ष देतात. २०१४ मध्ये ‘द गार्डियन’ने थायलंडमधील कोळंबीच्या व्यापाराचा माग काढला, तेव्हा असे दिसले की युरोप-अमेरिकेतील मोठ्या सुपरमार्केटांत विकली जाणारी कोळंबी ज्या मत्स्यचूर्णावर वाढवली जात होती, त्यासाठीची मासळी पकडणाऱ्या बोटींवर म्यानमार आणि कंबोडियातून आणलेले, विकले गेलेले पुरुष राबत होते. पुढच्याच वर्षी ‘असोसिएटेड प्रेस’च्या वार्ताहरांनी इंडोनेशियातील बेंजिना बेटावर कोंडून ठेवलेले खलाशी शोधून काढले आणि त्या वृत्तमालिकेनंतर दोन हजारांहून अधिक माणसांची सुटका झाली. तमिळनाडूत दिंडीगुल, कोइंबतूर, तिरुपूर या पट्ट्यातील सूतगिरण्यांत ‘सुमंगली’ नावाची पद्धत होती: ग्रामीण भागातील, बहुतांशी दलित कुटुंबांतील किशोरवयीन मुलींना तीन वर्षांच्या करारावर वसतिगृहात ठेवायचे, बाहेर जाण्यावर आणि फोनवर बंधने घालायची, मजुरीचा मोठा भाग रोखून धरायचा आणि करार पुरा झाल्यावर लग्नासाठी म्हणून तो एकरकमी द्यायचा. मुदतीआधी मुलगी आजारी पडून घरी गेली तर ती रक्कम बुडण्याचा धोका असे. या सुताचे कपडे जगभरच्या नामांकित दुकानांत जात होते.

अशा प्रकरणांवर उद्योगजगताने दिलेले पहिले उत्तर म्हणजे सामाजिक लेखापरीक्षण, ज्याला व्यवहारात सर्रास ‘ऑडिट’ म्हणतात. त्यात विक्रेता आचारसंहिता जाहीर करतो आणि त्रयस्थ संस्थेचे तपासनीस पुरवठादाराकडे जाऊन ती पाळली जाते का, हे एक-दोन दिवसांत पाहतात. या पद्धतीच्या अपयशाचे दोन दाखले दक्षिण आशियातलेच आहेत. सप्टेंबर २०१२ मध्ये कराचीतील अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला आग लागून अडीचशेहून अधिक कामगार मेले. काही आठवड्यांपूर्वीच त्याला श्रमविषयक मानकांचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालेले होते. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ साभार येथील राणा प्लाझा ही इमारत कोसळून १,१३४ माणसे दगावली. तिच्यातील कारखान्यांचीही लेखापरीक्षणे झालेली होती, आणि आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसूनही कामगारांना मजुरी कापण्याची भीती घालून आत पाठवण्यात आले होते. तपासनीसाचे शुल्क तपासला जाणाराच भरतो, भेट बहुधा आधी कळवलेली असते, मजुराची मुलाखत मालकाच्या आवारात होते आणि अहवाल गोपनीय राहतो. अशा रचनेत तपासनीस प्रामाणिक असला तरी सक्ती त्याच्या नजरेतून निसटणे स्वाभाविक आहे. त्यातही कारखान्याच्या फाटकाबाहेर, शेतात वा गावात घडणारी सक्ती तर त्याच्या कक्षेतच येत नाही.

फाटकाबाहेरच्या या सक्तीचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण ऊसतोडीचे आहे, आणि त्याचा विचार सविस्तर करणे आवश्यक आहे, कारण येथील साखर शीतपेये, बिस्किटे आणि मिठाई यांच्या रूपाने किरकोळ बाजारात सर्वत्र पोहोचते. बीड, अहिल्यानगरचा पूर्व भाग, धाराशिव, जालना, परभणी अशा कोरडवाहू जिल्ह्यांतून दरवर्षी लक्षावधी मजूर गळीत हंगामासाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कारखाना वाहतूकदाराशी तोडणी-वाहतुकीचा करार करतो, वाहतूकदार मुकादमाला रक्कम देतो आणि मुकादम दसऱ्याच्या आगेमागे गावात ती उचल म्हणून वाटतो. मजुरीचे एकक एक माणूस नसून नवरा-बायकोची जोडी असते. तिलाच ‘कोयता’ म्हणतात. या जोडीने हंगामभर ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या आणि टनामागे मिळणाऱ्या दरातून अंगावरची उचल फेडायची. कारखान्याची गव्हाण रात्रंदिवस चालू असल्याने भरायची गाडी मध्यरात्री आली तरी टोळीला उठावे लागते. एखाद्या दिवशी काम बंद राहिले तर खाडा धरला जातो आणि त्याची रक्कम हिशेबात वजा होते. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या हंगामावर चढते, आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जाण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

येथे एक भेद स्पष्ट करणे न्यायाचे ठरेल. आगाऊ रक्कम घेणे म्हणजे गुलामी नव्हे. ज्या भागात पाऊस बेभरवशाचा, जमिनीचे तुकडे लहान आणि बँकेचे दार बंद, तेथे उचल हेच आजारपण, लग्न आणि घराच्या डागडुजीसाठीचे एकमेव भांडवल असते, आणि मजूर ती मागून घेतात. उचल घेऊन मजूर आलेच नाहीत किंवा मुकादमच पैसे घेऊन पसार झाला, अशा तक्रारी वाहतूकदारांकडूनही होतात आणि त्या सगळ्याच खोट्या नसतात. म्हणून कसोटी उचलीची नसून सोडून जाण्याच्या मुभेची आहे. आजारी पडलेली जोडी हंगामाच्या मध्यावर घरी परतू शकते का, की तिला अडवून धरले जाते, मारहाण होते, नातेवाइकांना वेठीस धरले जाते. हिशेबाची वही तिच्याजवळ असते का, की फक्त मुकादमाजवळ. बाकीच्या रकमेवर व्याज कोणी आणि किती लावले? या प्रश्नांची उत्तरे प्रतिकूल असतील तेथे १९७६ चा कायदा लागू होतो. जिल्हा दंडाधिकाऱ्याने अशा मजुराला मुक्ती प्रमाणपत्र द्यावे, कर्ज रद्द ठरावे आणि पुनर्वसनाची मदत मिळावी, अशी त्यात आणि त्याखालील योजनांत तरतूद आहे. त्या प्रमाणपत्राशिवाय मजूर कायद्याच्या दृष्टीने अदृश्यच राहतो.

जोडी हेच एकक ठरल्याचे परिणाम सर्वाधिक स्त्रियांना भोगावे लागतात. मजुरी नवऱ्याच्या हाती जाते, एकट्या मुलाला कोयत्यात जागा नसल्याने बालविवाहाला चालना मिळते, आणि फडात किंवा कोप्यांवर पाणी, शौचालय व विश्रांती यांची सोय नसताना पाळी, गरोदरपण आणि बाळंतपण यांतूनही काम रेटावे लागते. बीड जिल्ह्यात तरुण स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आल्यावर राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. खासगी दवाखान्यांनी कर्करोगाची भीती घातली हे खरे; पण खाडा चुकवण्याची निकड नसती, तर ती भीती इतक्या सहज स्वीकारली गेली नसती. शरीराच्या एका अवयवाची किंमत मोजून कामाचे दिवस वाचवणे ही ज्या व्यवस्थेत व्यवहार्य निवड ठरते, त्या व्यवस्थेला मजुराच्या संमतीचा हवाला देता येत नाही. मार्च २०२४ मध्ये ‘द न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘द फुलर प्रोजेक्ट’ यांनी याच फडांचा संबंध कोका-कोला आणि पेप्सिको यांच्या साखर खरेदीशी जोडून दाखवला, तेव्हा जिल्ह्याचा वाटणारा हा प्रश्न जागतिक पुरवठा साखळीचा प्रश्न म्हणून पुढे आला.

साखर एकदा पोत्यात भरली की ती कोणत्या फडातली हे सांगता येत नाही, असा बचाव खरेदीदार करतात. शेतमालाच्या प्रमाणीकरणातही, प्रमाणित आणि अप्रमाणित माल एकत्र मिसळू देऊन केवळ आकड्यांचा ताळेबंद जुळवण्याची मुभा अनेकदा असते. परंतु माग काढता येत नाही, हा दावा महाराष्ट्रातील कारखान्यांपुरता तरी टिकत नाही. येथे उसाची नोंद शेतकऱ्याच्या नावाने आणि गटाने होते. वजनकाट्यावरील पावतीत शेतकरी, वाहन, वाहतूकदार आणि टन यांची नोंद असते, कारण त्याच आधारे उसाचे आणि तोडणी-वाहतुकीचे बिल निघते, आणि तो खर्च शेतकऱ्याच्या रास्त व किफायतशीर दरातून वजा होतो. कोणत्या टोळीने कोणाच्या फडात किती ऊस तोडला, हे कारखान्याला किलोपर्यंत ठाऊक असते. ठाऊक नसते, किंवा ठाऊक करून घेतले जात नाही, ते एवढेच की त्या टोळीत कोण होते, त्यांच्या अंगावर किती उचल होती आणि त्यांच्या हाती काय पडले. पैसे वजा करण्यापुरती अचूक असलेली नोंदव्यवस्था मजुराच्या नावापाशी येऊन थांबते. ही तांत्रिक अडचण नाही, कारण मजुराचे नाव नोंदले की त्याचा मालक कोण हा प्रश्न उभा राहतो, आणि कारखाना, वाहतूकदार व मुकादम हे तिघेही तो एकमेकांकडे ढकलत आले आहेत.

या प्रश्नावर विविध देशांनी केलेले कायदे दोन निरनिराळ्या विचारांतून आलेले दिसतात. पहिला विचार प्रकटीकरणाचा, म्हणजे कंपनीने काय केले ते तिनेच जाहीर करण्याचा आहे. ब्रिटनच्या २०१५ च्या आधुनिक गुलामी कायद्याचे ५४वे कलम ३ कोटी ६० लाख पौंडांहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना वार्षिक निवेदन काढायला लावते. मात्र ‘आम्ही कोणतीही पावले उचललेली नाहीत’ असे निवेदनही या कलमाला चालते. भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाने, म्हणजे ‘सेबी’ने, पहिल्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून जबाबदार व्यवसायासंबंधीचा अहवाल सक्तीचा केला. महाराष्ट्रातील बहुसंख्य साखर कारखाने सहकारी किंवा असूचीबद्ध असल्याने ते त्याच्या कक्षेबाहेर आहेत. फ्रान्सने २०१७ मध्ये आणि जर्मनीने २०२१ मध्ये याच्या पुढे जाऊन, धोका शोधून तो टाळण्याचे कर्तव्यच मोठ्या कंपन्यांवर टाकले. त्याच धर्तीवरचा युरोपीय संघाचा निर्देश २०२४ मध्ये संमत झाला आणि उद्योगांच्या दबावाखाली पुढच्याच वर्षी त्याची अंमलबजावणी लांबणीवर पडली.

दुसरा विचार थेट बाजाराच्या दाराशी माल अडवण्याचा आहे. अमेरिकेच्या १९३० च्या जकात कायद्यात सक्तीच्या श्रमाने बनलेल्या मालाला बंदी होती, पण देशांतर्गत उत्पादन अपुरे असेल तर सूट देणारी पळवाटही होती. ती २०१६ मध्ये बुजवण्यात आली. डिसेंबर २०२१ मध्ये झालेल्या आणि पुढील जूनपासून लागू झालेल्या कायद्याने चीनमधील शिंच्यांग प्रांतातून आलेला प्रत्येक माल सक्तीच्या श्रमाचा आहे असे गृहीत धरले आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार आयातदारावर टाकला. पुराव्याच्या भाराबाबत जी दिशा भारतीय न्यायालयाने दगडखाणींच्या मजुरांसाठी घेतली होती, तीच येथे जकात नाक्यावर आलेली दिसते. या कायद्यामागे भूराजकीय हेतू आहेत हे मान्य केले, तरी कापसाचा माग लावणे अशक्य आहे असे सांगणाऱ्या कंपन्या माल अडकू लागताच तो लावू लागल्या, ही वस्तुस्थिती दुर्लक्षिता येत नाही. मात्र बंदी हे हत्यार दुधारी आहे. माल अडवला की खरेदीदार दुसरीकडे वळतो आणि मजुराची सुटका होण्याऐवजी त्याचे कामच जाते. बंदीबरोबर नुकसानभरपाई आणि काम टिकवण्याची अट नसेल तर तिची झळ तळाशी असलेल्यालाच लागते.

प्रत्यक्ष फरक पडल्याचे दिसते ते तिसऱ्याच मार्गाने, जेथे मजुरांची स्वतःची संघटना, खरेदीदार आणि उत्पादक यांच्यात बंधनकारक करार झाला तेथे. राणा प्लाझानंतर झालेल्या बांगलादेश ॲकॉर्डवर आंतरराष्ट्रीय कामगार महासंघांच्या आणि ब्रँडांच्या सह्या होत्या, तपासणीचे निष्कर्ष उघड होते आणि करार मोडणाऱ्या ब्रँडला लवादासमोर खेचता येत होते. फ्लोरिडातील इमोकली येथे टोमॅटो तोडणाऱ्या स्थलांतरितांच्या संघटनेने, शेतमालकाशी भांडणे पुरेसे नाही हे ओळखून थेट खरेदीदार उपाहारगृहांच्या आणि सुपरमार्केटांच्या साखळ्यांवर दबाव आणला. २०११ पासून तेथे राज्यभर लागू झालेल्या कार्यक्रमात खरेदीदार पौंडामागे एक सेंट जास्त देतो, तो मजुराच्या पगारपत्रकात वेगळा दिसतो, आणि सक्ती वा लैंगिक छळ सिद्ध झालेल्या मळ्याचा माल कोणीही सहभागी खरेदीदार घेत नाही. २०१४ मध्ये वॉलमार्टही त्यात आली. ज्या मळ्यांतील गुलामीचे खटले अमेरिकी न्यायालयांत चालले होते, तेथे मजूरच आता इतर मजुरांना कामाच्या वेळेत, पगारी वेळ धरून, हक्क समजावून सांगतात. तमिळनाडूतील दिंडीगुल येथे एका तरुण दलित कामगार स्त्रीच्या हत्येनंतर २०२२ मध्ये तिच्या संघटनेने ईस्टमन एक्सपोर्ट्सशी करार केला आणि एच अँड एम, गॅप व पीव्हीएच या ब्रँडांनी त्याला जोडून करार केले. छळाची तक्रार करणाऱ्या स्त्रीच्या पाठीशी संघटनेच्या प्रशिक्षित कामगार स्त्रिया उभ्या राहतील आणि कंपनीने करार मोडला तर ब्रँड खरेदी कमी करतील, असे त्यात लिहिलेले आहे.

ऊसतोडीच्या क्षेत्रात अशा कराराचे निम्मे साहित्य आधीच उपलब्ध आहे. साखर संघ आणि मजूर संघटना यांच्यात तोडणीच्या दराचा करार वर्षानुवर्षे होत आला असून जानेवारी २०२४ मध्ये लवादाच्या मध्यस्थीने त्यात ३४ टक्के वाढ झाली. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांकडून दहा रुपये घेण्याचे आणि शासनाने तेवढीच भर घालण्याचे सूत्रही ठरलेले आहे. या चौकटीत नसलेला पक्ष म्हणजे साखरेचा घाऊक खरेदीदार, जो भाव आणि दर्जा ठरवतो पण मजुरीच्या वाटाघाटीत कुठेच नसतो. त्याची सही दरकरारावर आली, त्याने टनामागे वेगळी रक्कम भरली आणि ती महामंडळाच्या खात्यात न अडकता वजनकाट्याच्या पावतीवर नाव असलेल्या मजुराच्या, नवरा आणि बायको या दोघांच्याही स्वतंत्र खात्यांत जमा झाली, तर उचलीचे मोल कमी होऊ लागेल. त्यासाठी पावतीवर मजुराचे नाव येणे, उचलीचा लेखी हिशेब त्याच्याजवळ असणे, बाळंतपण आणि आजारपण यांचा खाडा न धरणे आणि हंगामाच्या मध्यावर जाणाऱ्याला कारखान्याने हिशेब करून मोकळे करणे, एवढ्या अटी लिहाव्या लागतील. तोडणीयंत्रांचा वापर वाढत असल्याने या मागण्या मांडण्याची मजुरांची ताकद पुढील काही हंगामांत घटत जाण्याची शक्यता आहे, म्हणून पुढच्या दरकराराच्या बोलणीतच त्या मांडल्या जाणे निकडीचे आहे.